सरकत्या स्पंदांचा पाठपुरावा : राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या इतिहासातील एक प्रकरण

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा राहिला तो १९६३ मध्ये. होमी भाभांच्या निमंत्रणावरून गोविंद स्वरूप अमेरिकेतून परतले आणि कामाला लागले. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ लहान डिश मुंबईजवळ कल्याणला बसवून १९६५ मध्ये सूर्याचे वेध सुरू झाले. पुढे उटीची दुर्बीण झाली, खोडदचे अँटेना उभे राहिले आणि पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आपले केंद्र स्थिरावले.

या वाटचालीची नोंद अनेक अंगांनी करता येईल. या लेखात त्यातले एकच अंग घेतले आहे. पल्सारकडून येणाऱ्या रेडिओ स्पंदांमध्ये काही वेळा एक चमत्कारिक सरक दिसते. ती का दिसते, हे शोधण्यात केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे घालवली. विषय लहान वाटेल. पण मोठ्या क्षेत्रफळाची दुर्बीण, मीटर लांबीच्या लहरी आणि प्रत्येक स्पंद वेगळा जपण्याची चिकाटी या केंद्राच्या तिन्ही जमेच्या बाजू या एका प्रश्नावर एकत्र कामी आल्या. म्हणून हे प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे.

प्रश्नाचा जन्म

१९६७ च्या अखेरीस केम्ब्रिजला जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद सापडले. १९६८ च्या फेब्रुवारीत ही बातमी जगाला कळली. हा न्यूट्रॉन तारा आहे, म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान सुमारे १० किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलेला, वेगाने फिरणारा, प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा तारा आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. त्याच्या चुंबकीय ध्रुवावरून निघणारा रेडिओ लहरींचा झोत प्रत्येक फेरीत एकदा पृथ्वीवरून जातो आणि आपल्याला एक स्पंद मिळतो.

शेकडो स्पंदांची सरासरी काढली, तर प्रत्येक पल्सारची एक पक्की आकृती मिळते. ती वर्षानुवर्षे बदलत नाही. सुटे स्पंद मात्र एकमेकांसारखे नसतात. प्रत्येक स्पंदाच्या आत एक-दोन किंवा अधिक लहान शिखरे असतात. त्यांना उपस्पंद म्हणतात. १९६८ मध्येच अरेसिबोच्या दुर्बिणीवर फ्रँक ड्रेक आणि हॅरल्ड क्राफ्ट यांना दिसले की काही पल्सारमध्ये हे उपस्पंद दर फेरीला थोडे थोडे एका बाजूला सरकतात. एकामागून एक आलेले स्पंद कागदावर एकाखाली एक मांडले, की तिरपे पट्टे तयार होतात. एक पट्टा संपतो, त्याच जागी दुसरा सुरू होतो. एका पट्ट्याच्या जागी पुढचा पट्टा यायला जितका काळ लागतो, त्याला या क्षेत्रातली माणसे ‘पी-थ्री’ म्हणतात. एकाच स्पंदातल्या दोन शेजारी उपस्पंदांमधले अंतर म्हणजे ‘पी-टू’. पुढचे सगळे काम या दोन राशींभोवती फिरते.

ठिणग्यांचे रिंगण

या सरकीचा सर्वांत प्रभावी खुलासा १९७५ मध्ये माल्विन रुडरमन आणि पीटर सदरलँड यांनी दिला. सेकंदाला एक फेरी घेणाऱ्या पल्सारच्या चुंबकीय ध्रुवाशी सुमारे दीडशे मीटर त्रिज्येचा एक भाग असतो. तिथून निघणाऱ्या चुंबकीय रेषा ताऱ्याकडे परत वळत नाहीत, खुल्या राहतात. हीच ध्रुवीय टोपी. तिच्या वरच्या थरात प्रभारित कण कमी पडले, की एक पोकळी तयार होते. तिच्या तळापासून माथ्यापर्यंत सुमारे एक लाख कोटी व्होल्टचा दाब साठतो. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्यांचा लोंढा उसळतो आणि ठिणगी पडते. अशा कितीतरी ठिणग्या ध्रुवीय टोपीवर ठरावीक अंतराने पडत राहतात. प्रत्येक ठिणगीच्या वर कणांचा एक स्तंभ चढत जातो आणि त्यातून निघणाऱ्या लहरी आपल्याला उपस्पंद म्हणून मिळतात.

विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना काटकोनात असली, की प्रभारित कण दोन्हींच्या काटकोनात सरकतात. त्यामुळे ठिणग्या एका जागी राहत नाहीत. चुंबकीय अक्षाभोवती त्यांचे रिंगण फिरत राहते. पल्सारच्या पुढच्या फेरीत झोत आपल्यासमोर येतो तेव्हा तीच ठिणगी थोडी पुढे गेलेली असते आणि आपल्याला उपस्पंद सरकलेला दिसतो.

खुलासा देखणा होता, पण त्यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे सिद्धांतातून निघणारा रिंगणाचा वेग प्रत्यक्ष दिसणाऱ्या वेगापेक्षा बराच जास्त होता. दुसरी अडचण मोजणीची. पल्सार आपल्याला प्रत्येक फेरीत एकदाच दिसतो. मधल्या काळात रिंगण किती फिरले, हे थेट कळत नाही. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर एकसारखे घोडे समान अंतरावर बसवलेले आहेत आणि आपण ठरावीक वेळाने क्षणभरच डोळे उघडतो, असे समजा. तेवढ्या वेळात प्रत्येक घोडा नेमका पुढच्या घोड्याच्या जागी पोचला, तर पाळणा थांबलेला वाटेल. थोडा अलीकडे राहिला, तर पाळणा उलटा फिरताना दिसेल. थोडा पुढे गेला, तर सुलटा, पण अगदी सावकाश. पल्सारच्या सरकत्या पट्ट्यांबाबत नेमके हेच होते. पट्ट्यांची दिशा आणि वेग डोळ्यांना दिसतात, पण रिंगणाची खरी दिशा आणि खरा वेग त्यामागे दडलेले असू शकतात.

उटीची वर्षे

पल्सारचा शोध लागला तेव्हा उटीच्या दुर्बिणीचे काम चालू होते. ती १९७० मध्ये वेध घेऊ लागली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा हा परावर्तक डोंगराच्या उतारावर उत्तर-दक्षिण पसरला आहे. उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांबीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती वळवून आकाशातल्या एका स्रोताचा साडेनऊ तास माग काढणे शक्य झाले. परावर्तकासाठी स्टीलच्या बारीक अकराशे तारा ताणून बसवल्या. तारांचा हा विचार पुढे खोडदलाही वेगळ्या रूपात उपयोगी पडला.

उटीची दुर्बीण मुख्यतः चंद्राच्या पिधानातून दूरच्या रेडिओ स्रोतांचे आकार मोजण्यासाठी बांधली होती. पण सुमारे ३२७ मेगाहर्ट्झला काम करणारी, एवढ्या क्षेत्रफळाची आणि एवढा वेळ माग काढणारी दुर्बीण सुट्या स्पंदांच्या अभ्यासालाही फार सोयीची होती. पल्सार याच लांब लहरींत अधिक तेजस्वी असतात. बी००३१-०७ या पल्सारमध्ये सरकीचे तीन वेगवेगळे वेग दिसतात आणि तो मध्येच एका वेगावरून दुसऱ्यावर जातो. एम. विवेकानंद आणि भालचंद्र जोशी यांनी उटीच्या वेधांवरून १९९७ मध्ये या पल्सारच्या उपस्पंदांमधल्या चढाओढीवर निबंध प्रसिद्ध केला. अशा प्रत्येक अभ्यासासाठी हजारो स्पंद नोंदवून, ते सरासरीत न हरवता एकेक तपासावे लागतात. ही सवय केंद्राला उटीनेच लावली.

बंगळूरचे योगदान

या काळातले एक मोठे यश आपल्या केंद्राबाहेरचे आहे, पण त्याच्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे अविनाश देशपांडे आणि अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या जोआना रँकिन यांनी बी०९४३+१० या सुमारे १.१ सेकंद आवर्तकाळाच्या पल्सारचे अरेसिबोचे वेध बारकाईने तपासले. त्यांत मुख्य आवर्तनाखेरीज एक मंद आवर्तन लपलेले होते. त्यावरून १९९९ मध्ये त्यांनी दाखवले, की या पल्सारवर २० ठिणग्यांचे रिंगण आहे आणि ते पल्सारच्या ३७ हून थोड्या अधिक फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ४१ सेकंदांत एक प्रदक्षिणा पुरी करते. रिंगणाची खरी दिशा आणि खरा वेग पहिल्यांदाच निर्विवादपणे हाती आला. पुढे गौरीबिदनूरच्या दुर्बिणीवर ३४.५ मेगाहर्ट्झला, म्हणजे कितीतरी लांब लहरींत, आशिष आसगेकर आणि देशपांडे यांनी याच पल्सारचे वेध घेतले, तेव्हा तिथेही २० चीच संख्या मिळाली.

खोडद

१९८४ मध्ये स्वरूप यांनी मीटर लांबीच्या लहरींसाठी एका विशाल दुर्बिणीची, म्हणजे आजच्या जीएमआरटीची, कल्पना मांडली. ती जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्यक्षात आली. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांतले १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आणि उरलेले १६ तीन भुजांवर पसरलेले आहेत. दोन टोकांच्या अँटेनांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. एवढ्या मोठ्या डिश स्वस्तात बांधता आल्या, त्या पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांच्या चौकटीवर ताणून बसवण्याच्या युक्तीमुळे. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून आधाराचा सांगाडा हलका ठेवता आला. मीटर लांबीच्या लहरींना मात्र ती जाळी सलग आरशाचे काम देते.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना अर्पण झाली. तिच्या मूळ उद्दिष्टांत पल्सारचा अभ्यास पहिल्यापासून होता. पण दुर्बिणीची रचना प्रतिमा मिळवण्यासाठी होती आणि पल्सारसाठी वेगळी सोय करावी लागते. तीसही अँटेनांचे संकेत कला जुळवून एकत्र बेरीज करावे लागतात, म्हणजे सगळी दुर्बीण एका प्रचंड डिशसारखी वागते आणि क्षणाक्षणाची नोंद होते. हे उपकरण रामन संशोधन संस्थेच्या सहकार्याने तयार झाले. या कामात यशवंत गुप्ता यांचा पुढाकार होता. पुढे २०१८ मध्ये ते केंद्राचे संचालक झाले.

सुट्या स्पंदांच्या वेधांत सर्वांत त्रासदायक असतो तो आसपासचा रेडिओ गोंगाट. वीजवाहिन्यांवरून येणाऱ्या ५० हर्ट्झच्या व्यत्ययातून खोटी आवर्तने तयार होतात आणि आवर्तन हाच तर या शोधाचा विषय आहे. म्हणून जुन्नर-आंबेगाव परिसराने या दुर्बिणीभोवती पाळलेल्या पथ्यांचे ऋण केंद्रावर मोठे आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त परिसरातल्या शाळा खोडदला येतात, प्रयोग मांडतात. केंद्र आणि गावे यांचे नाते त्यातूनही घट्ट होत गेले आहे.

दोन पल्सार, दोन कोडी

नव्या दुर्बिणीची ताकद सरकत्या उपस्पंदांवर लवकरच दिसली. बी०८२६-३४ या पल्सारचे चुंबकीय आणि भ्रमण असे दोन्ही अक्ष जवळजवळ एका रेषेत आहेत. त्यामुळे त्याचे रेडिओ उत्सर्जन जवळजवळ सगळ्या फेरीभर दिसते आणि एका वेळी अनेक पट्टे समोर येतात. हे पट्टे काही काळ एका दिशेने सरकतात, मंदावतात, मग उलट दिशेला वळतात. ठिणग्यांचे रिंगण खरोखर दिशा बदलत असेल, हे भौतिकशास्त्राला पटणारे नव्हते. यशवंत गुप्ता आणि पोलंडमधील यानुस गिल, यारोस्लाव्ह किजाक व मार्ता सेंडिक यांनी २००४ मध्ये जीएमआरटीच्या वेधांवरून खुलासा दिला. हे रिंगण अशा वेगाने फिरते, की एका फेरीत प्रत्येक ठिणगी जवळजवळ शेजारच्या ठिणगीच्या जागी पोचते. अशा अवस्थेत वेगात थोडासा चढउतार झाला, तरी दिसणारी दिशा पालटते. वेगातला एवढा फरक घडायला ध्रुवीय टोपीच्या तापमानात अगदी किरकोळ बदल पुरतो. दिशा पालटते ती आपल्या दर्शनात. रिंगण मात्र एकाच दिशेने फिरत राहते.

दुसरे कोडे बी०८१८-४१ चे. भास्वती भट्टाचार्य, गुप्ता, गिल आणि सेंडिक यांनी २००७ मध्ये या फारशा न अभ्यासलेल्या पल्सारमध्ये एकाच वेळी तीन सरकते प्रदेश दाखवले. मधल्या प्रदेशात पट्ट्यांचा उतार तीव्र, तर दोन्ही कडांना सौम्य. पी-टू वेगवेगळे, पण पी-थ्री सगळीकडे एकच, पल्सारच्या १८.३ फेऱ्यांइतका, म्हणजे सुमारे १० सेकंद. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांचे परस्परांशी नाते कधी बदलत नव्हते. याचा अर्थ असा लावला गेला, की ध्रुवीय टोपीवर ठिणग्यांची दोन रिंगणे एकात एक आहेत, दोन्हींत ठिणग्यांची संख्या सारखी, १९ ते २१ च्या दरम्यान आहे, आणि दोन्ही एका लयीत फिरतात. आपली दृष्टिरेषा दोन्ही रिंगणांना छेदून जाते, म्हणून तीन प्रदेश दिसतात. शेजारी राहूनही दोन रिंगणे एकमेकांशी जुळून राहतात, ही गोष्ट ध्रुवीय टोपीवरच्या भौतिकीबद्दल बरेच काही सांगणारी होती.

गिल आणि जॉर्ज मेलिकिद्झे यांच्याशी असलेला केंद्राचा संबंध पुढे वाढत गेला. त्यांनी उलरिख गेप्पर्ट यांच्यासह २००३ मध्ये रुडरमन-सदरलँड सिद्धांतातल्या वेगाच्या अडचणीवर तोड सुचवली होती. ध्रुवीय टोपीचा पृष्ठभाग काही दशलक्ष अंशांपर्यंत तापलेला असतो, त्यातून आयन सुटतात आणि पोकळीतला विद्युत् दाब अंशतः झाकला जातो. दाब कमी झाला की ठिणग्यांची सरकही मंदावते. या मताची कसोटी पुष्कळ पल्सारच्या वेधांतूनच लागणार होती.

एकाकडून अनेकांकडे

म्हणून पुढचे पाऊल सर्वेक्षणाचे होते. दीपांजन मित्रा, राहुल बसू आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर १२३ पल्सारचे सुटे स्पंद ३३३ आणि ६१८ मेगाहर्ट्झला ध्रुवीकरणासह नोंदवले. आवर्तकाळ ०.१ ते ८.५ सेकंदांपर्यंतचे. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. सुमारे ४६ टक्के पल्सारमध्ये काही ना काही आवर्तन दिसले. २२ पल्सारमध्ये सरकणारे उपस्पंद पहिल्यांदाच नोंदले गेले.

त्याहून महत्त्वाचे निघाले ते वर्गीकरण. काही पल्सारमध्ये उपस्पंद सरकतात. काहींमध्ये ते न सरकता नियमित काळाने फक्त तेजस्वी-मंद होतात. उरलेल्यांत आवर्तनच नाही. पल्सार भ्रमणाची ऊर्जा गमावत हळूहळू मंदावतो. ज्यांचा हा ऱ्हास सेकंदाला सुमारे २×१०³² अर्ग, म्हणजे सूर्याच्या एकूण तेजाच्या साधारण विसाव्या हिश्श्याहून कमी आहे, सरक मुख्यतः त्यांच्यातच आढळते. तेज कमी-जास्त होण्याच्या आवर्तनाला अशी मर्यादा दिसत नाही. त्यामुळे या दोन घटना मुळात वेगळ्या असाव्यात, हा विचार पुढे आला. सरकणाऱ्यांमध्येही ऱ्हास जितका कमी तितका पी-थ्री मोठा, असा कल दिसला. अंशतः झाकलेल्या पोकळीच्या कल्पनेशी हा कल जुळतो. सुट्या पल्सारच्या नवलकथांना समूहाचा नियम मिळाला, तो या टप्प्यावर.

क्ष-किरणांशी सांगड

बी०९४३+१० हा पल्सार या कथेत पुन्हा येतो. त्याची दोन रूपे आहेत. एका रूपात तो तेजस्वी असतो आणि उपस्पंद शिस्तीने सरकतात, दुसऱ्यात मंद होतो आणि शिस्त मोडते. बदल काही सेकंदांत होतो. २०११ च्या अखेरीस युरोपचा एक्सएमएम-न्यूटन हा क्ष-किरण उपग्रह, नेदरलँड्सचा लोफार आणि आपला जीएमआरटी यांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिले. पल्सार कोणत्या क्षणी कोणत्या रूपात आहे, हे रेडिओ दुर्बिणींवरून ठरले आणि त्यानुसार क्ष-किरणांची विभागणी झाली. रेडिओत तो मंद असतो तेव्हा क्ष-किरणांत दुपटीहून अधिक तेजस्वी होतो आणि त्याच वेळी उष्ण ध्रुवीय टोपीचे स्पंद दिसतात, असे आढळले. हा निकाल जानेवारी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. एका क्षणात ताऱ्याभोवतीचे सगळे चुंबकावरण पालटते, हे त्यातून पुढे आले. उपस्पंदांची शिस्त ही त्या पालटाची सर्वांत सूक्ष्म खूण ठरली.

नवे चित्र, नवी साधने

अलीकडच्या वर्षांत बसू, मित्रा आणि मेलिकिद्झे यांनी रिंगणाच्या मूळ चित्रातच दुरुस्ती सुचवली आहे. ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे चुंबकीय क्षेत्र दोन ध्रुवांच्या साध्या चुंबकासारखे नसून अधिक गुंतागुंतीचे असते. ध्रुवीय टोपीवर ठिणग्या दाटीने बसतात आणि ताऱ्याच्या भ्रमणापेक्षा किंचित मागे पडत जातात. टोपीच्या दोन अर्ध्या बाजूंना त्यांची सरक परस्परविरुद्ध दिशांनी होते आणि मधली ठिणगी जागेवर राहते. स्पंदाच्या मधल्या भागात सरक का दिसत नाही आणि जे१०३४-३२२४ सारख्या पल्सारमध्ये एकाच स्पंदाचे वेगवेगळे भाग उलटसुलट दिशांनी का सरकतात, या दोन्ही प्रश्नांना या चित्रातून एकच उत्तर मिळते.

त्याच सुमारास दुर्बीणही नव्याने घडवली गेली. सुधारित जीएमआरटी सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक पट्टा व्यापते आणि एका वेळी ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची नोंद घेते. कमी वारंवारतेच्या लहरी पल्सारच्या पृष्ठभागापासून अधिक उंचीवरून येतात. त्यामुळे एकाच ठिणगीचे ठसे एकाच क्षणी वेगवेगळ्या उंचींवर तपासता येतात. क्षीण पल्सारचेही सुटे स्पंद आता आवाक्यात आले आहेत. यापुढे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरेमध्ये भारत भागीदार आहे. त्या कामाचे भारतातले नेतृत्व आपले केंद्र करते.

कल्याणच्या ३२ डिशपासून इथवर येताना केंद्राने उपकरणे अनेकदा बदलली. सुटा स्पंद हाच पुरावा मानून काम करण्याची पद्धत मात्र उटीपासून आजवर तीच राहिली. दीडशे मीटरांच्या ध्रुवीय टोपीवर ठिणग्या कशा पडतात, हे हजारो प्रकाशवर्षांवरून सांगता येते ते या पद्धतीमुळे. ऊर्जेच्या त्या मर्यादेच्या वर सरक का आढळत नाही आणि रूपे इतक्या झटपट कशाने पालटतात, हे प्रश्न अजून खुले आहेत. केंद्रात आज दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला ते वारशाने मिळतात. त्यांच्या उत्तरासाठी लागणारी दुर्बीण पुण्याहून दोन तासांच्या अंतरावर आहे आणि पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव केंद्राच्या हाती आहे. हे काम पुढे नेणे, हीच या संस्थेची आपल्या संस्थापकांना खरी पोचपावती आहे.